दहा रुपयांच्या आतली पर्स

अक्का माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी त्याच्या हातातली पिशवी बघायच्या. आणि पिशवीवरून जे काही बोलायच्या, ते ऐकल्यावर त्या माणसाला तोंड लपवावंसं वाटे. जळगावच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा भावाने मुंबईहून आणलेली पर्स मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली होती. तिचा खटका जरा सैल होता. तिथल्या जुन्या मास्तरीण म्हणजे अक्का. त्यांनी ती उचलली, दोनदा उघडझाप केली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "पोरी, हिचं तोंड तुझ्यासारखंच. मिटतच नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. पण आठवडाभरात मी त्यांचीच शेपूट झाले होते. त्यांच्या तावडीत सापडण्यापेक्षा त्यांच्या बाजूला उभं राहणं बरं, हे मला लवकर कळलं. माया नंतर लागली.

त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र मांजरपाटाची पिशवी असे. पारोळ्याकडच्या शेतकरी घरातली मुलगी, शिकून मास्तरीण झाली होती. वर्गात बोलणं पुस्तकासारखं शुद्ध, राग आला की माहेरची अहिराणी. एकदा शाळा तपासायला साहेब आले. फाटकात अक्का समोर आल्या, पिशवीतून दुधी भोपळ्याचं टोक बाहेर आलेलं. साहेब म्हणाले, "भाजी मागच्या दाराने न्या, बाई." अक्का खरोखरच मागच्या दाराने गेल्या. साहेब वर्गात आले तेव्हा मुलींना म्हणाल्या, "मुलींनो, उठून नमस्कार करा आणि आपापली नावं सांगा. साहेबांना माणूस बघून ओळखता येत नाही." त्या वर्षी त्यांची बढती हुकली. बढतीचं त्यांना फारसं वाटलं नाही. मागचं दार मात्र मनाला लागलं. त्या दिवसापासून त्यांना पर्स हवी होती. हातात असली की बघणाऱ्याने मुकाट्याने पुढचं दार दाखवावं, अशी.

पगार सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, हातात जाई. वर्षाकाठी बांगड्यांचे म्हणून जे परत मिळत, त्यातून अक्कांनी दहा रुपये मागे टाकले होते. हातात एकेकच बांगडी घालत, आणि कोणी काही विचारलं तर "नवरा जिवंत आहे, काळजी करू नका," असं सांगून मोकळ्या होत. हे सगळं माहीत होतं ते एका धाकट्या जावेला. अक्का तिला धाकली म्हणत. धाकली अक्षरशत्रू. तिचं एकुलतं एक बाळ सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं, पुन्हा कूस उजवली नाही. पहाटे उठून अक्कांच्या वाटणीच्या भाकरी तीच थापायची, म्हणून अक्कांना शाळा गाठता यायची. संध्याकाळी अक्का दारात आल्या की ती हळूच विचारी, "भेटनी का पर्स?"

पर्स कुठची भेटायला! जळगावात एक दुकान आम्ही सोडलं नाही. अक्का दुकानात जाताना आपला पितळी डबा, चष्म्याचं घर, खडूची पेटी असं सगळं सामान घेऊन जात, समोरच्या पर्समध्ये भरत आणि ती उलटी करून गदागदा हलवत. रेक्झिनला त्या हात लावत नसत. आमच्या उन्हात ते पापडासारखं तडकतं. पांढरी नको, काळ्या मातीची धूळ दिसते. पट्टा कोपरात अडकला पाहिजे, कारण एक हात छत्रीला आणि एक पदराला. एका दुकानदाराने वैतागून विचारलं, "बाई, पर्स घ्यायची आहे का संसार थाटायचा आहे?" अक्का म्हणाल्या, "तुमचा माल बघून दोन्हीवरून मन उडालं." दुसऱ्याने कौतुकाने एक फुगीर पर्स पुढे केली, तर म्हणाल्या, "हाई पर्स शे का कोंबड्यासना खुराडा?" त्याचा मुलगा हसला, म्हणून त्याला कानाखाली बसली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, बिचाऱ्याला मार बसला." त्या म्हणाल्या, "हसायची किंमत असते. फुकट मिळतं ते फक्त रडणं."

मग धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली आणि अक्कांना मुलाखतीला बोलावणं आलं. त्याच आठवड्यात पर्स सापडली. तपकिरी चामड्याची, दोन कप्प्यांची, खटका असा की मिटताना ठसक्यात वाजायचा. कोणीतरी सांगून करवून घेतली आणि न्यायला आलंच नाही, म्हणून दुकानदार दहा रुपयांत द्यायला तयार झाला. अक्कांनी डबा भरला, उलटी केली, हलवली. काही पडलं नाही. त्यांना बोलायला एकही वाकडा शब्द सापडेना. रस्त्याने त्या पर्स कोपरात अडकवून चालल्या आणि ओळखीच्या बायांनी आधी हाक मारावी म्हणून मुद्दाम हळू चालल्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी धरणगावला लांबच्या नात्यात मयत झाली. अक्का शाळेतूनच परस्पर दारावर बसायला गेल्या आणि तिन्हीसांजेला परतल्या. आमच्याकडे मयताच्या घरून आलेलं माणूस अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि सोबतची चीजवस्तू भिजवल्याशिवाय आत येत नाही. अक्कांनी सवयीने सगळं मागच्या दाराच्या दगडावर ठेवलं आणि न्हाणीत गेल्या. धाकलीने लुगडं भिजवलं, पिशवी भिजवली, आणि अक्कांना उद्या चांगल्या कामाला जायचं, सुतकाची वस्तू तशीच कशी न्यायची, म्हणून पर्सही सोड्याच्या कढत पाण्यात बुडवली. वर नारळाच्या शेंडीने घासली. मी मुलाखतीसाठी माझी छत्री द्यायला गेले होते. न्हाऊन आलेल्या अक्का बादलीपाशी उभ्या होत्या. चामडं फुगून वेडंवाकडं झालं होतं, रंग लुगड्यावर उतरला होता. धाकली कौतुकाच्या आशेने हसत होती.

अक्का म्हणाल्या, "तुना हातमा काही टिकस का? पोर टिकनं नही, पर्स काय टिकी?"

धाकलीने लुगडं पिळलं, दोरीवर टाकलं आणि आत गेली. मला त्या क्षणी अक्कांचा संताप आला होता, तो आजही आहे. माया आहे म्हणून तो कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का मांजरपाटाची पिशवी घेऊनच धुळ्याला गेल्या. कमिटीतले एक गृहस्थ पिशवीकडे बघून म्हणाले, "बाजार करूनच आलात वाटतं?" अक्का म्हणाल्या, "हो. इथे घेण्यासारखं काही आहे का, तेच बघायला आले." जागा त्यांनाच मिळाली. पर्स नसूनही मिळाली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

धाकली त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. भांडली नाही, काम टाकलं नाही. अक्का सणावाराला जळगावला येत. ती मागायच्या आधी ताटात भाकरी वाढी, डोकं दुखलं तर तेल चोळी. बोलायची नाही. अक्कांनी माफी मागून पाहिली, लुगडं आणून पाहिलं, शेवटी टोचूनही पाहिलं. साऱ्या जळगावला बोलून घायाळ करणारी बाई त्या चुलीपुढे बसून एका शब्दाची भीक मागायची. धाकली जाळ सारायची आणि उठून जायची.

चार-पाच वर्षांनी अक्कांना कावीळ झाली, ती वाढतच गेली. धाकली न बोलावता धुळ्याला गेली. महिनाभर तिने त्यांचं हगणंमुतणं काढलं, चमच्याने पेज भरवली. मी भेटायला गेले तेव्हा अक्का तिचा हात धरून म्हणत होत्या, "शिव्या दे. पन बोल." तिने हात सोडवून घेतला नाही. तोंडही उघडलं नाही. अक्का गेल्या तेव्हा त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

दिवस झाल्यावर आम्ही दोघी एकाच मोटारीने जळगावला निघालो. पारोळा मागे पडलं. मग मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अगं, मरताना तरी एक शब्द बोलायचास. तुझं काय गेलं असतं?"

धाकली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बोलनू असतू तं माफ करनं पडतं, बाई."