कूलर बंद करून ऐका

मार्च संपता संपता आईनं पहिल्यांदा सांगितलं की तिच्या झोपायच्या खोलीत दुपारी आवाज येतो. घुंऽऽ असा, मधेच चढणारा, मधेच बसणारा. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, तेव्हा कुणी कूलर लावले नव्हते. तिनं ते फोनवर पुण्याला माझ्या भावाला सांगितलं आणि तिथंच सगळं बिघडलं. दादानं आवाजाची चौकशी केली नाही, आईच्या वयाची केली.

आईची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. पेशंटच्या छातीतली घरघर तिला दारातून कळायची. आजही फाटकाची कडी वाजली की कोण आलं ते ती न बघता सांगते. अशा बाईला भास होतात, हे पुण्यात बसून ठरलं. मला अजून आठवलं की दातओठ खावेसे वाटतात.

एप्रिलमध्ये दादा-वहिनी आले. खोलीत पाय टाकताच वहिनी म्हणाली, "बाप रे, किती उकडतंय!" आणि तिनं कूलरचं बटन दाबलं. आमचा कूलर जुना, लोखंडी. सुरू झाला की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटतं. त्या गदारोळात दादानं जोरात ओरडून विचारलं, "कुठंय आवाज? आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही!" हे तो ओरडून विचारतोय, यातच उत्तर होतं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर हा आवाज धरतच नाहीत. भिंतीसारखा तो असतोच. आईकडे जो येई तो आधी कूलर लावी आणि मग तिला सांगे की आवाज नाही.

मग डॉक्टर. त्यांच्या केबिनमध्ये एसी घरघरत होता. त्यांनी कानात बत्ती मारली, गोळ्या लिहिल्या आणि "या वयात होतं असं" म्हणाले. आईनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, कानातला आवाज सांजच्याला बंद होते का? मी वंदनेले बसतो तेव्हा तर तो चूप राहते." डॉक्टर दादाकडे बघून नुसते हसले. त्या हसण्यासाठी मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही.

दादानं जाता जाता निर्णय सांगून टाकला. मेअखेर तो येणार, आईला पुण्याला नेणार, घराला कुलूप लावणार. "तिथं ती आमच्या नजरेसमोर राहील." आईचा बुद्धविहार इथं, तिच्या मैत्रिणी इथं, बाबांनी लावलेला कडुनिंब इथं. एकदा कुलूप लागलं की ते पुन्हा उघडत नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही.

मी नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, हिंगण्याकडे राहते. मेमधल्या एका दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर तिच्याकडे पोचले. खोली भट्टी झालेली, कूलर बंद, आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पलंगावर बसलेली. मी बटनाकडे हात नेला तर तिनं मनगट धरलं.

"हात नको लावू. कूलर लावला का आवाज दबते, अन् आवाज दबला का तुमचं खरं होते."

म्हणजे ही बाई इतके दिवस अशी बसून होती. मे महिन्यात, नागपुरात! माझं डोकं भणाणून गेलं. मी तिच्याशेजारी बसले, घाम पुसत, कान देऊन. आणि आला तो आवाज. भिंतीतून येत होता. कान लावला तर भिंत गुणगुणत होती.

"आई, मले ऐकू येऊन राहिला!"

ती खूश वगैरे झाली नाही. "मंग मी काय खोटं बोलून राहिली होती?" म्हणाली.

मार्चमध्ये कूलर नव्हते हे विसरून माझा संशय गेला शेजारच्या काकूंवर, कारण त्यांचा कूलर आमच्या भिंतीला लागून. मी तरातरा गेले आणि दोन मिनिटं तो बंद करा म्हटलं.

"मे महिन्यात कूलर बंद करू? तुमच्या घरी साऱ्याइचंच डोकं फिरलं का वं?"

'साऱ्याइचंच' या शब्दानं माझा तोल गेला. आईची गोष्ट गल्लीभर झाली होती तर! मी बोलले, त्या बोलल्या, आणि भांडण ऐन रंगात असताना लाइट गेली. एकेक करत गल्लीतले सगळे कूलर बसले. मी घरी धावले. भांडण अर्धं कसं सोडायचं म्हणून काकू माझ्या मागं मागं, थेट आईच्या खोलीत. आणि दारातच थांबल्या.

"हे काय वाजून राहिलं वं? लाइट तर नाही."

आईनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

आवाज भिंतीत वरून उतरत होता, म्हणून मी गच्चीवर गेले. गरम वारा तोंडावर येत होता. आईच्या खोलीच्या बरोबर वर, कठड्याला पट्ट्या ठोकून लोखंडी पाइप उभा केलेला. पाइपचं वरचं तोंड उघडं. दुपारचा वारा आला की तो घुमायचा आणि खाली भिंतीला कापरं भरायचं; सांजेला वारा पडला की गप्प. मी कठड्याला धरून तिथल्याच एका स्टुलावर चढले आणि दुपट्ट्याची घडी त्या तोंडावर दाबली.

खालून आईचा आवाज आला, "बंद झाला!"

हात काढला. "सुरू झाला!"

पुन्हा दाबला. "बंद!" तिला खाली कुणी काही सांगितलं नव्हतं. मी स्टुलावर उभी राहून रडत होते, रागानं. कारण त्या पाइपच्या कडेला कॅमेरा बसवलेला होता. दिवाळीनंतर दादानंच बसवून घेतला होता, पुण्याहून मोबाइलवर आईवर लक्ष ठेवायला. स्वतः ठोकलेला पाइप वाजत होता आणि हा तिच्या कानांची तपासणी करत होता.

काकूंनी घरून पाना आणला. आम्ही दोघींनी पाइप कॅमेऱ्यासकट, वायरीसकट उतरवून अंगणात आडवा टाकला, कॅमेऱ्याचं तोंड मातीत. तासाभरानं लाइट आली आणि लगेच दादाचा फोन. त्याला काय काय सुनवायचं ते मी मनात रचून ठेवलं होतं, पण फोन आईनं घेतला.

"आई, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाहीये. काळं दिसतंय सगळं."

"काळं कुठं आहे, बाबू? मले तर सारं साफ दिसून राहिलं," आई शांतपणे म्हणाली. "तुले भास होत असन. डॉक्टरले दाखव. अन् मले न्यायले येऊ नोको, मी इथंच राहतो."

तिनं फोन ठेवला, हात लांब केला आणि कूलरचं बटन दाबलं.