कुकरची शिट्टी म्हणजे गुणपत्रक

नजर कमी होत होत शेवटी समोरचं अक्षरही दिसेना, तेव्हा मी नाशिकच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवत होते. शिकवायचं अडलं नाही, पुस्तक तोंडपाठ होतं. अडलं ते कॉम्प्युटरवर गुण भरण्यात. मुख्याध्यापिका बाईंनी सरळच सांगितलं, "सहामाहीचे गुण तुमचे तुम्ही भरून दाखवा. नाही जमलं तर निवृत्तीचा विचार करा." राग आला. पण त्यांचं चुकलं होतं असंही नाही.

कॉम्प्युटरमधला बोलका आवाज मला आकडे वाचून दाखवायचा, पण शाळेच्या प्रोग्रॅममधल्या चिन्हांपाशी त्याची वाचा बसायची. त्या चिन्हांना एकेक आवाज जोडायची सोय तेवढी होती. तयार आवाज सगळे टिंग नाहीतर टुंग. कितीही घोकले तरी डोक्यात शिरेनात. शेवटी मी ह्यांच्यावर, म्हणजे नवऱ्यावर डाफरले, "घरात कोण कुठे काय करतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं, आणि हे मेलं टिंगटुंग तेवढं कळत नाही."

ह्यांनी मोबाइल उचलला आणि घरभर फिरून आवाज टिपले. गुणपत्रकाला कुकरची शिट्टी. सेव्ह करायला कपाटाची कडी. खोडून टाकायला कचरा न्यायला येणाऱ्या घंटागाडीची घंटा. बाहेर पडायच्या चिन्हाला स्वतःची शिंक. घरातला सगळ्यात मोठा आवाज तोच. दोन दिवसांत सगळं पाठ झालं. फक्त गुणपत्रक उघडलं की मी गॅस बंद करायला उठायचे आणि हे गालातल्या गालात हसायचे.

गुण भरायच्या दिवशी बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. सगळा वर्ग नीट भरून झाला. सेव्हच्या चिन्हावर गेले, तर घंटा. तिथेच थांबले. बटण दाबलं असतं तर अख्खी सातवी कचऱ्यात. मागे आले, पुन्हा गेले, पुन्हा घंटाच. संपली आपली नोकरी, असंच वाटलं.

"का थांबलात?" बाईंनी विचारलं.

"घंटा वाजतेय."

"वाजणारच. घंटागाडी उभी आहे फाटकाशी."

तिच्या घंटेत कडीचा आवाज बुडाला होता. गाडी पुढे जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी पुन्हा चिन्हावर गेले. कडी वाजली. दाबलं. बाई उठता उठता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आठवीचं गणितही घ्या."

रिक्षात मला रडू फुटलं ते घरापर्यंत थांबेना. ह्यांनी दार उघडलं, माझा आवाज ऐकला आणि काय समजायचं ते समजले. माझा हात धरून म्हणाले, "जाऊ दे नोकरी. मी आहे ना."

इतक्या वर्षांच्या संसारात हे असं कधी बोलले नव्हते. म्हणून खरं काय झालं ते सांगायला मी जरा वेळच लावला.