काटकोनात कापलेला देवमासा

आमच्या छापखान्यात त्याला सगळे सुरळी म्हणत. काखेत कायम कागदाची गुंडाळी असायची म्हणून. तो रंगीत छपाईच्या मशीनवर, मी कटिंग मशीनवर. त्याने छापायचं, मी कापायचं, अशी सव्वीस वर्षं गेली.

सुरळी जपानी कार्टून सिनेमांच्या गाण्यांची जुनी पोस्टरं जमवायचा. रेकॉर्ड निघाली की कंपनी दुकानात लावायला पोस्टर पाठवी. ते विकायचं नसे. रेकॉर्डचा खप ओसरला की दुकानदार ते काढून फेकून देई. सुरळीला पहिलं पोस्टर मिळालं ते असंच, रेकॉर्डचं एक दुकान बंद होताना, फेकायच्या ढिगातून. त्याला ती भाषा येत नव्हती. घरी रेकॉर्ड वाजवायची सोय नव्हती. गाणी कशी आहेत असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ऐकलीत कुणी? तू छपाई बघ."

खिशातलं भिंग काढून त्याने मला एक गुलाबी ढग दाखवला. चार रंगांत असा गुलाबी येत नाही. त्यासाठी पाचवी शाई लागते, आणि कागद पुन्हा एकदा मशीनमधून काढावा लागतो. पाचव्या वेळी केसभर सरकला तर आधीची चारही कामं वाया. चार दिवसांत फाडून टाकायच्या कागदासाठी कुणीतरी एवढी मेहनत घेतली होती. सुरळी त्या माणसाच्या प्रेमात होता. मला ते पटलं.

पोस्टरं घरी गादीखाली असत, दोन प्लायवूडच्या मधे. पलंगाच्या त्या बाजूला कुणी बसायचं नाही. वहिनी म्हणायच्या, "पोस्टरं घरची आणि आम्ही पाहुणे." एकही पोस्टर कधी भिंतीवर गेलं नव्हतं. घरात मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर वहिनींचं कॅलेंडर.

त्याच्याकडे एका जोडपोस्टरचा डावा भाग होता. शहराच्या छपरांवरून एक देवमासा पोहत चाललेला. अर्धाच, कारण शेपूट उजव्या भागावर. तो उजवा भाग सुरळी अकरा वर्षं शोधत होता. वहिनींनी एकदा वैतागून कबूल केलं होतं, की जोडी पुरी झाली तर भिंत तुमची. बोलताना त्यांना खात्री होती, की ती पुरी व्हायची नाही.

अकराव्या वर्षी दूरच्या एका शौकिनाने तीन चांगल्या पोस्टरांच्या बदल्यात तो भाग दिला. नळीत गुंडाळून आला होता. सुरळी कामावर घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, जरा सपाट करून ठेव. आणि स्वतःच्या मशीनकडे गेला.

मी दोन रीम कागदाखाली तासभर दाबून ठेवला. काढला तेव्हा डाव्या कडेला नजर अडकली. कड तिरकी होती. फूटपट्टी लावली. वर बरोबर, खाली तीन मिलिमीटर बाहेर. माझ्या हातून असा कागद कधी पुढे गेलेला नाही. मशीनला लावला, काटकोनात घेतला, पातं खाली सोडलं. पुसून ठेवला. सुरळी खूश होईल असं वाटलं. कापायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी त्याने डावा भाग आणून शेजारी मांडला. वर जुळला. खाली मधे पाचरीसारखी फट उघडी पडली, आणि शेपूट देवमाशापासून सुटली. जपानमधल्या कुणा कटिंगवाल्याने मोठा कागद मधून कापताना तिरका धरला होता. दोन्ही भाग एकाच रेषेवर तिरके, म्हणूनच जुळत होते. त्याची चूक मी अर्धी सुधारली होती.

सुरळीने हातातली फूटपट्टी खाली ठेवली.

"किती घेतलंस?"

"तीन मिलिमीटर. खाली."

तो वळला. मशीन चालू होतं, तिकडे परत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवसभराची कात्रणं पोत्यात होती, संध्याकाळी रद्दीत जायची. मी पोतं जमिनीवर ओतलं आणि एकेक पट्टी बघत बसलो. साडेतीन तास लागले. पोस्टरची निळी पट्टी दोन तुकड्यांत मिळाली. वरचा चार बोटांचा भाग दोऱ्याएवढा बारीक, तो मिळाला नाही. पुन्हा सगळं पोतं चाळलं. नाहीच.

सुटी झाल्यावर मी त्याच्याबरोबर घरी गेलो. त्याने पलंगावर डावा भाग, पट्टी, उजवा भाग मांडला. दारातून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. वहिनी म्हणाल्या, "जुळली वाटतं." मग मीच झालं ते सांगितलं.

वहिनींनी चष्मा आणला. वाकून वरपासून खालपर्यंत बघितलं. वरच्या टोकाची फट त्यांना दिसली.

"पुरी कुठे झाली ही, भाऊजी?"

मी म्हटलं, नाही झाली.

सुरळी प्लायवूड उचलायला वाकला. वहिनींनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"गादीखाली घातलीत तर ही पट्टी आज ना उद्या हरवणार. काचेखाली घ्या आणि लावा."

पुढच्या रविवारी चौकट मी केली. चारही कोन मोजून घेतले. पट्टी डिंकाने चिकटवू नको म्हणाला, नुसती काचेने दाबून धरली.

आता दोघेही निवृत्त आहोत. मी गेलो की सुरळी माझी खुर्ची त्या भिंतीकडे पाठ करून मांडतो. का, ते त्याने सांगितलेलं नाही. मी बसण्याआधी ती फिरवून घेतो. चहा येईपर्यंत पट्टीची ती रेघ बघतो. खालून वर, जिथे ती संपते तिथपर्यंत.