जया मॅडमचा पहिला धडा

सावंगीच्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर जया मॅडमनी बावीस वर्षं काढली. इंग्रजी त्या तिथेच शिकल्या, शिकाऊ डॉक्टरांच्या तोंडून. आता पिपरी मेघेत घराच्या पुढच्या खोलीवर ‘व्यावसायिक इंग्रजी संभाषण’ अशी पाटी आहे. पहिला धडा ठरलेला: ‘नो’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. आपल्या माणसाला हेच जमत नाही, असं त्यांचं मत. तो ‘पाहू’ म्हणतो, ‘होऊन जाईन’ म्हणतो, आणि समोरचा वाट पाहून म्हातारा होतो.

तेरा वर्षांत शेकडो जण ‘नो’ शिकून गेले, पण परदेशी माणसाशी बोलायची वेळ एकावरही आली नाही. त्यामुळे अल्लीपूरचे हळदीचे व्यापारी रूपराव थेट हॉलंडच्या हळद घेणाऱ्या बाईच्या फोनची तारीख घेऊनच क्लासला आले, तेव्हा मॅडमचा जीव त्या एका फोनला टांगला गेला.

रूपरावांकडे हळद आठ टन. बाईनं जास्त मागितली तर खोटा होकार द्यायचा नाही. ‘नो, मॅडम. ओन्ली एट.’ पुढे अक्षर काढायचं नाही. बाई आपोआप आठावर येते. साठीचे रूपराव महिनाभर एवढंच घोकत होते.

फोन मॅडमच्या खोलीतच झाला. बाईनं वीस टन मागितली.

‘‘नो, मॅडम. ओन्ली एट.’’

इतका स्वच्छ नकार वर्धा जिल्ह्यात आजवर कोणी दिला नसेल. मॅडमना भरून आलं. पलीकडे बाई विचार करत होती. रूपरावांना ती शांतता सोसवेना.

‘‘माय नेबर गोपाल,’’ ते म्हणाले. ‘‘ट्वेंटी टन. गुड हळदी. टेक नंबर.’’ आणि एकेक आकडा सुटा करून त्यांनी नंबर दिला. आकडेही मॅडमनीच शिकवले होते.

‘‘भाऊ, काऊन देला?’’ फोन ठेवल्यावर मॅडम ओरडल्या.

‘‘आपल्याजवळ माल नसला तं बाजूचं दुकान दाखवा लागते नं मॅडम. गिऱ्हाइकाले रिकामं धाडतेत का कोणी?’’

सौदा गोपालचा झाला, वीसच्या वीस टन. मॅडमना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. रूपराव मात्र नेहमीसारखे जेवत होते.

चौथ्या दिवशी ते गोपालला घेऊनच दारात हजर. मेसेजवरचं सगळं गोपालच्या पोरीनं निभावलं होतं, पण आता बाईला त्याच्याशी बोलायचं होतं.

‘‘याले शिकवा मॅडम. लय घाबरून राह्यला.’’

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘नो,’’ त्या म्हणाल्या आणि ओठ मिटून घेतले.

गोपाल चपला घालायला वाकला. मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं.

‘‘स्टेशनजवळ एक क्लास आहे,’’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘‘माझ्यापेक्षा बरा शिकवते तो. नंबर लिहून घ्या.’’