टोपी लावून काढलेला फोटो

भूतखेत, अंगात येणं असलं मी कधी मानलं नाही. लग्नाच्या फोटोत 'आत्मा' दिसतोय म्हणून कुणी आलंच, तर लेन्सवरची धूळ दाखवून परत पाठवणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय...

जयसिंगपुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. मागच्या वर्षी तो अचानक गेला आणि भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो सापडेना! अख्ख्या तालुक्याची लग्नं काढली त्यानं, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. वहिनी तिकडे बघायच्याच नाहीत. "ह्यो कोण परका मानूस?" म्हणायच्या.

दादाचा जुना कॅमेरा एक्सचेंजला देऊन नवा घ्यायचं चाललं होतं. वहिनी 'द्या' म्हणाल्या होत्या, पण मनातून नाही. म्हणून बदलायची खरंच गरज आहे का बघायला मित्राचा नवा कॅमेरा आणून मी भर दुपारी दोन्हींची नॉईज टेस्ट घेतली. कमी उजेडात फोटोवर जे रवाळ दाणे उठतात, तो नॉईज. लेन्सला टोपी लावायची, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर उजळून बघायचा. आत उजेड जातच नाही, त्यामुळे दिसतो तो निव्वळ कॅमेऱ्याचा दोष.

नव्याचा फोटो स्वच्छ काळा. जुन्याचा उजळला, तर रव्याचं पोतं सांडल्यासारखे दाणेच दाणे. मी मनात निकाल देऊनही टाकला. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या आणि माझ्या मागे थबकल्या.

"भावजी, ह्यांचा ह्यो फोटो कवा काढलासा?"

"कुठला फोटो? टोपी लावलीया की लेन्सला!"

"मग दातात काय धरलंय त्यांनी?"

मी खुर्ची मागे सरकवली... आणि दिसला. दादा. हसतोय, दातांत लेन्सची टोपी. कामाच्या घाईत ती दातांत धरायची त्याची सवय. वहिनी त्यावरून ओरडायच्या. आणि त्या दिवशी कॅमेऱ्याला तीच टोपी होती – कडेला त्याच्या दातांच्या खुणा असलेली. मला रडू कोसळलं.

नंतर पुन्हा पुन्हा तसेच फोटो काढले. नुसते दाणे. मित्र म्हणाला, कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर तापून दाणे तसे उठले असतील, माणसाला ढगातही हत्ती दिसतो. असेल. पण तापलेल्या सेन्सरला दादाची सवय कशी कळली, ते त्याला सांगता येत नाही, आणि मलाही.

टेस्टमध्ये नवाच कॅमेरा जिंकला. जुना मात्र दिला नाही. आधार कार्डाचा फोटो उतरवून वहिनींनी तिथं हा दाण्यांचा फोटो लावलाय. गिऱ्हाईक म्हणतं, "ह्यात काय दिसतच न्हाय की!"

वहिनी खुर्ची जरा मागं ओढून देतात.

"हितनं बघा पावणं. दिसतील."