कावळ्यांसाठी वाजवलेलं घुमट

सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी आनंदीने खाऱ्या बांगड्यांची चौथी ओळ जुन्या जाळ्यावर मांडून संपवली, कंबर सरळ केली आणि गळ्यात अडकवलेल्या घुमटावर एक थाप दिली. माडावरचे अकरा कावळे उडाले. आठ लांब गेले, तीन शेजारच्या माडावर जाऊन बसले. त्या तिघांसाठी तिने दुसरी थाप राखून ठेवली होती.

साल १९६८, फाल्गुनाचा पहिला आठवडा. होळीला नऊ दिवस होते. मालवणपासून किनाऱ्याने चालत तासाभरावरच्या या वाडीत त्या दिवसांत वाळूवर पाय ठेवायला जागा नसते; जिथे ऊन पडतं तिथे मासे वाळत असतात. प्रत्येक बाई आपापल्या परीने कावळे हाकलते. कोणी काठीला काळं फडकं बांधते, कोणी नुसती ओरडते. आनंदी घुमट वाजवायची.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर घोरपडीचं चामडं ताणून बांधलेलं, लहान तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर चालतो. डावा लहान तोंड झाकतो, उघडतो आणि आवाजाला वळण देतो. शिमग्यात ते मांडावर वाजतं. मांड म्हणजे वाडीच्या मधली शेणाने सारवलेली जागा, जिथून देवाची पालखी उठते. मांडावर घुमट पुरुषच वाजवतात. आनंदीला वाळूवर वाजवताना पंधरा वर्षांत कोणी अडवलं नव्हतं, कारण तिथे ऐकायला कावळे होते.

त्या सकाळी मात्र परशुराम गावकार वाळूवर आला. मांडावर त्याचा शब्द चाले. सोबत बाबली होता, चाळिशीचा, मोठ्या घरचा, नवं धोतर नेसलेला. परशुरामने माशांची चौकशी केली, वाऱ्याची केली, मग मुद्द्यावर आला. पालखी उठायच्या आधी मांडावर पहिली थाप देण्याचा मान आनंदीच्या सासरच्या घराचा. नवरा गंगाराम होता तोवर तो द्यायचा. एकसष्ट साली तो तापाने गेला, तेव्हापासून त्याचा पुतण्या लवू द्यायचा. लवू आता मुंबईला गोदीत लागला होता आणि रजा मिळत नाही असं त्याचं पत्र आलं होतं. ज्या घरची थाप एक वर्ष चुकली त्या घराचा मान दुसऱ्या घराकडे जातो, आणि मानाबरोबर घुमटही. ही मांडाची रीत होती.

"थाप बाबलीच्या घराक दिल्यात," परशुराम म्हणाला. "घुमट सांजेक पोचव."

"मान लवूचो नाय, आबानू. घराचो. आणि घरात मी आसंय."

"बायलमाणसान मांडार थाप मारूची नाय, ह्या तुका म्हायत नाय?"

"पंधरा वरसां ह्या चामडा कोण ताणता? ते टायमाक माझे हात चलले."

बाबलीला इथे बोलायची गरज नव्हती, पण तो बोलला. ही आता कावळ्यांची गावकार झाली, असं तो हसत म्हणाला.

"कावळे तरी उठतत," आनंदी म्हणाली. "तुझ्या थापेन काय उठता ता बघूया."

घुमट घराबाहेर जाणार नाही, हवं तर दुसरं आणा, असं सांगून ती पाचव्या ओळीला लागली. परशुराम थोडा वेळ उभा राहिला. वाळूवर उभं राहणाऱ्याला काही काम नसलं की ते सगळ्यांना दिसतं, म्हणून तो गेला.

आनंदी वेंगुर्ल्याची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. गंगाराम रापणीवर दोर ओढायचा, म्हणजे वीस-पंचवीस जण मिळून किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात त्यात. घुमटावर त्याचा हात चांगला चालायचा, पण वाद्याची निगा राखण्याचा त्याला कंटाळा. त्रेपन्न साली जुनं घुमट फुटलं तेव्हा नवं मडकं आणायला तीच कणकवलीच्या बाजारात गेली. कुंभाराची सोळा मडकी तिने एकेक करून कानाशी धरून टिचकीने वाजवली. सतराव्याला कुंभाराने तिचा हात धरायचाच काय तो बाकी ठेवला. तिने ते सतरावं घेतलं.

चामडं ताणून बांधणं ती कोणाला विचारून शिकली नाही. ते तिला माशांनी शिकवलं. समुद्राच्या दमट हवेत चामडं रात्रीतून सैल पडतं, सकाळी त्यावर थाप मारली की ओल्या गोणपाटावर हात मारल्यासारखं वाटतं. तासभर ऊन लागलं की आवाज वर चढतो. म्हणून ती बांगड्यांच्या ओळीत शेवटी घुमट ठेवायची आणि मासे उलटताना तेही उलटायची. आठ वाजता आवाज कुठे असतो, दहाला कुठे आणि बाराला कुठे, हे तिला पाठ होतं. बारानंतर ती ते सावलीत न्यायची, कारण जास्त ऊन झालं की मासा जसा तडकतो तसं चामडंही तडकतं.

आणि वाजवताना तिने बऱ्याच गोष्टी शोधल्या ज्या मांडावरच्या कोणाला ठाऊक नव्हत्या. लहान तोंड पोटाशी दाबून वाजवलं की आवाज ताणला जातो आणि सोडलं की परत येतो. मिठाचा ओला अंगठा चामड्याच्या कडेने ओढला की आतून कोणीतरी रडल्यासारखा लांब सूर निघतो. कावळे त्याला थापेपेक्षा जास्त घाबरत. दुपारी काम हलकं झालं की सुभद्रा आणि आणखी दोघी बायका वाळूवर आडव्या पडत, डोळे मिटून तोंड उन्हाकडे करत आणि आनंदीला वाजवायला सांगत. मिटलेल्या पापण्यांआड तांबडी-हिरवी वर्तुळं दिसतात आणि घुमटाबरोबर ती फिरतात, असं सुभद्रा शपथेवर सांगे. परशुरामच्या कानावर हे गेलं होतं. त्याने त्याला चेटूक म्हटलं. आनंदी म्हणाली, फुकटचं ऊन आहे, ज्याला हवं त्याने पडावं.

तिची बाजू उघडपणे घेणारा एकच पुरुष होता, आणि तो वाडीतला नव्हता. नुरुद्दीन मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर द्यायचा. त्याचा भाचा अस्लम बोटीवर खलाशी. त्याने विलायतेहून एक तबकडी आणली होती, तिच्या पाकिटावर माणसांच्या डोक्यांतून फुलं उगवलेली. नुरुद्दीनने ती आनंदीला दुकानात लावून दाखवली. तिकडे तरुण पोरं असलं वाजवतात आणि वसंतात बागेत उन्हात बसून ऐकतात, असं अस्लमने सांगितलं होतं. आनंदीने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. सूर तिला पटले. ढोलकीवाल्याबद्दल तिचं मत वाईट झालं.

"हेच्या चामड्याक ऊन दाखवूक व्हया," ती म्हणाली.

त्या वर्षी परशुरामने शिमग्याला पहिल्यांदाच लाउडस्पीकर आणवला. मांडाचा आवाज खाडीपलीकडच्या वाडीला ऐकू जावा, ही त्याची स्वतःची कल्पना. होळीच्या संध्याकाळी नुरुद्दीन बॅटरी, आवाज वाढवणारी पेटी आणि भोंगा घेऊन आला. भोंगा मांडाशेजारच्या आंब्याला बांधला. माईक भोंग्याजवळ ठेवला तर शिटी मारतो, म्हणून तो लांब हवा, असं त्याने परशुरामला समजावलं, आणि ते खरंच होतं. माईक मांडावर राहील, फक्त तपासून बघण्यापुरता आधी लांब नेईन, असंही तो म्हणाला. त्याच्याकडे साठ हात वायर होती. साठ हातांवर वाळवणाची जागा सुरू होते.

धुळवडीच्या सकाळी पालखी सूर्य उगवताना उठते. त्या दिवशी कोणी मासेमारीला होडी काढत नाही, कोणी मासे वाळवत नाही. आनंदी मात्र साडेसहालाच वाळूवर होती, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. बांगडे दोन दिवस मिठात आहेत, आजचं ऊन चुकलं तर कुजतील, असं तिने वाटेत विचारणाऱ्याला सांगितलं. हेही खरंच होतं. घुमट पहाटेपासून तिच्या चुलीशेजारी उलटंसुलटं होत होतं, आणि वाळूवर येताना तिने ते गोधडीत गुंडाळून आणलं होतं.

बाबलीचं नवं घुमट वेंगुर्ल्याहून आणलेलं, रंगवलेलं, सुरेख होतं. मान म्हणून ते आदल्या संध्याकाळीच मांडावर पूजेला ठेवलं होतं, उघड्यावर. रात्रभर त्यावर दव पडलं. ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही, कारण आजवर ते काम कोणीतरी लक्षात ठेवत होतं आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

परशुरामने गाऱ्हाणं घातलं, देवाला वर्षाचं मागणं मागितलं. भोयांनी पालखीचे दांडे धरले. पुढचा दांडा काशीरामच्या खांद्यावर होता, गंगारामचा रापणीवरचा जोडीदार. बाबलीने हात उचलून थाप दिली. चामड्याने ती गिळली. त्याने दुसरी दिली, जोराने. चामडं थोडं खाली गेलं आणि तसंच राहिलं. मागे कोणीतरी खोकलं. रीत अशी की थाप ऐकल्याशिवाय भोयी गुडघा सरळ करत नाहीत. चौघेही अर्धवट वाकून उभे होते आणि पालखी जड होती.

त्याच वेळी आंब्यावरच्या भोंग्यातून थाप आली. तपासायला नेलेला माईक अजून वाळूवरच होता. कोरडी, उंच, आणि तिच्या मागून पोटाशी दाबून सोडलेला तो लांबत जाणारा आवाज, भोंग्याने चौपट केलेला. मग मिठाच्या अंगठ्याचा सूर. आंब्यावरचे कावळे उडाले. खाडीपलीकडे कुत्रे भुंकायला लागले. काशीरामने गुडघा सरळ केला, त्याच्याबरोबर बाकी तिघांनी केला, आणि पालखी उठली. उठलेली पालखी खाली ठेवता येत नाही. ती निघाली, आणि वाडीच्या टोकापर्यंत त्या थापेवरच नाचत गेली. आवाज ऐकून वाळूवर आलेल्या बायका पाऊण तास आनंदीभोवती उभ्या होत्या. काही जणी डोळे मिटून होत्या, आणि ऊन नुकतं वर येत होतं.

दुपारी मांडावर बैठक बसली. बाबली म्हणाला, पहिली थाप त्याची. काशीरामने विचारलं, कोणी ऐकली? हात वर झाले नाहीत. परशुराम म्हणाला, मग थाप झालीच नाही. काशीराम म्हणाला, पालखी तर उठली, आणि आवाज मांडावरूनच आला, भोंगा मांडाच्याच आंब्याला होता. भोंगा कोणी आणवला हे त्याने विचारलं नाही. सगळे परशुरामकडे बघत होते. बैठक निकाल न लागता उठली. निकाल न लागणं म्हणजे मान जिथे होता तिथेच राहणं, हेही रीतीतच होतं.

त्यानंतर परशुराम एकटाच वाळूवर आला. आनंदी मासे उलटत होती. घुमट ओळीच्या टोकाला, बारा वाजून गेल्याने गोधडीखाली होतं.

"मुद्दाम केलंस?"

"मी कावळे हाकलत होतंय."

"शिमग्यादिवशी?"

"कावळ्यांका शिमगो खंय आसता, आबानू?"

पुढच्या वर्षी लाउडस्पीकर नसेल आणि लवूला आधीच पत्र घालू, असं परशुराम म्हणाला. लवू येऊ दे, ती म्हणाली. पण घुमट तिच्या दारात येऊन मागावं लागेल, आणि मागणाऱ्याला आधी तीन दिवस तिच्याबरोबर वाळवणावर बसावं लागेल. मग तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, त्याची सावली माशांवर पडत होती. तो बाजूला झाला.

नुरुद्दीनने भोंगा उतरवला, वायर गुंडाळली आणि संध्याकाळच्या होडीने मालवणला गेला. माईकच्या जाळीत मीठ अडकलं होतं, ते त्याने होडीत बसून टाचणीने काढलं.

बांगड्यांना अजून एक ऊन हवं होतं. उद्या सूर्य सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी उगवणार होता. सव्वासहाला आनंदीची चूल पेटणार, घुमट चुलीशेजारी, आणि सात वाजता पहिली ओळ वाळूवर.