गुळाचं दूध

माझा भाऊ अजिनाथ कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात पॅनमन हुता. पॅन म्हंजी उसाचा पाक आटवायची दोन माणसांएवढी उंच बंद कढई. तिच्यातनं थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आन् साखरेचा दाणा कुठवर आलाय ते सांगायचं, हे याचं काम. यंत्रं आली, कॉम्प्युटरचे पडदे आले, तरी हंगामात साहेब यालाच हाक मारायचे. घरी वाण्याची साखर आणली तरी हा आधी चिमूटभर तळहातावर घेऊन बघणार. "दाणा बारीक पडलाय, आक्का." मी म्हणायचे, "चहात टाक आन् गप पी, मेल्या."

आई गेली तवा हा सहा वर्षांचा हुता, मी सोळाची. मीच त्याला वाढवला, आन् नवरा वारल्यावर त्याच्याच दारात येऊन ऱ्हायले. माझं तोंड वाईट हाय, सगळ्या आळीला ठाऊक. पण हा मला कधी उलटून बोलला न्हाई. मी पुढ्यात ठेवलं ते खायचं, मी नको म्हणलं तर नको.

चार वर्षांमागं ऐन हंगामात पॅनजवळ त्याची छाती धडधडाय लागली, भोवळ आली आन् हा कठड्याला धरून खाली बसला. कारखान्यानं त्याला उचलून गेटवर बसवलं, उसाच्या गाड्यांना टोकन द्यायला. "डॉक्टरांनी लिहून दिलं तर पुन्हा पॅनवर घेऊ," म्हणाले. टोकन काय, कुणीबी देईल! हा घरी आला की बोलायचाच न्हाई. त्याला एकच पाहिजे हुतं, पुन्हा त्या पॅनपुढं उभं ऱ्हायचं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला, त्याच्या बायकोला, आरतीला, आन् मला नीट समजावलं. हृदयात वीज फिरते, तिच्यावर ते चालतं. याची वीज मधूनच चुकीच्या वाटेनं पळते. मांडीच्या शिरेतनं तारा आत घालून त्या विजेचा नकाशा काढायचा, पडद्यावर रंगीत दिसतो म्हणे, आन् जागा सापडली की तेवढीच जाळायची. पण ती वाट धडधड चालू असतानाच दिसते. म्हणून पाच दिवस आधीपासनं धडधडीची गोळी बंद. "एकही द्यायची नाही," असं बाई दोनदा म्हणाल्या.

गोळी बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याची छाती उधळली. घामानं बनियन ओलं, ओठ पांढरे. अर्ध्या तासानं निवळलं, पण मला काय बघवंना. आरतीनं गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं हुतं, ते मी गुपचूप काढलं. गोळी कुटली आन् गूळ घातलेल्या दुधात ढवळून त्याला दिली. मग रोजच. डॉक्टरीणबाईंचं काय जातंय, त्यांचा भाऊ हाय व्हय? एरवी निम्मं दूध मांजराला घालणारा हा बाबा, त्या दिवसांत पेला तळापर्यंत प्यायचा. मला वाटलं, गूळ आवडला.

ठरल्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर त्याला तीन तास ठेवला. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बारीक विजेनं डिवचून पाहिलं, औषध देऊन पाहिलं, पण धडधड सुरूच होत नाही. नकाशा काढायचा कशाचा? गोळ्या बंद होत्या ना? ते तर हो म्हणाले."

"व्हय, बंदच हुत्या," आरती म्हणाली. मी भिंतीकडं बघत हुते. बाईंनी दीड महिन्यानंतरची तारीख दिली.

इथवर माझी माया हुती, देव एक वेळ माफ करील. पण पुढचं? तारीख जवळ आली तशी मला धास्ती बसली. पुन्हा गोळ्यांचं निघणार, कुणीतरी खोदून विचारणार. मग मीच तोंड सोडलं. "एकदा जाऊन काय मिळालं? कशाला पुन्हा मांड्या टोचून घ्यायच्या? गोळीवर बरं चाललंय की!" आरती माझ्याशी भांडली, रडली. अजिनाथ लई वेळ माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग म्हणाला, "आक्का म्हणती तर ऱ्हाऊ द्या."

गोळीवर छाती मधनंमधनं उधळायचीच. पॅनवर जायचा कागद काय मिळाला न्हाई. चार हंगाम त्यानं टोकनं वाटली आन् गेल्या महिन्यात रिटायर झाला. शाल, नारळ, फोटो झाले. नवीन साहेब भाषणात म्हणाले, "आपले गेटवरचे अजिनाथभाऊ." गेटवरचे! तीस वर्षं पॅनपुढं उभा ऱ्हायलेला माणूस माझा. हा आपला हसत टाळ्या घेत हुता, आन् मला तिथं बसवंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा पिताना मी सगळं ओकून टाकलं. दूध, गूळ, गोळी.

तो म्हणाला, "ठाऊक हाय मला. पहिल्याच घोटाला कडू लागलं हुतं."

"आन् तरी पिलास?"

"तू दिलंस म्हणून. एवढ्यानं काय हुतंय, वाटलं. टेबलावर धडधड येईना, तवा कळलं."

"मग सांगितलं का न्हाईस रे, मुडद्या?"

"डॉक्टरीणबाई तुला चार माणसांत बोलल्या असत्या."

त्यानं कप खाली ठेवला.

"म्हणलं, घरी आल्यावर तू सांगशील, आन् तूच मला दुसऱ्या तारखेला घेऊन जाशील. पिशवीबी भरून ठेवली हुती मी, आक्का."